राजूरच्या माळावरची लहान विमाने

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगास, जेथे वर्धा नदी चंद्रपूर जिल्ह्याची हद्द आखीत दक्षिणेकडे वाहत जाते आणि जुगादपाशी पैनगंगेला भेटते, त्या वणी तालुक्यात राजूर हे गाव वसले आहे. इंग्रजी अमदानीत, वऱ्हाड प्रांताच्या दफ्तरात, १९०५ सालापर्यंत हा सारा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जाई, आणि लोकनायक बापूजी अणे यांची जन्मभूमी म्हणून वणीचे नाव पुढे देशाच्या राजकारणातही गाजले. परंतु शेजारच्या राजूरची ख्याती जमिनीवरच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जमिनीखालच्या द्रव्यावर उभी राहिली. दगडी कोळसा आणि चुनखडी ही दोन खनिजे येथे एकमेकांच्या शेजारी निघतात. त्यामुळे कॉलरीच्या रस्त्यावर काळी आणि भट्ट्यांच्या रस्त्यावर पांढरी धूळ पायास लागते, खाणीच्या निमित्ताने आलेली तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे वऱ्हाडी बोलीत विरघळून जातात, आणि ट्रकांची वर्दळ व सुरुंगांचा हादरा या गोष्टी ऋतुमानाइतक्याच स्वाभाविक मानल्या जातात.

ज्या गावाचे पोट जमिनीच्या पोटावर अवलंबून, त्या गावाने आकाशाकडे फारसे पाहू नये हे साहजिक होते. परंतु नागपूर-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी मुले सुटीला घरी येतात ती आता पाठीवरच्या पिशवीत फोमचे पंख, मोटर आणि विमानास रेडिओवरून हुकूम देणारे प्रेषकयंत्र घेऊन येतात; आणि पूर्वी जी सामग्री मिळविण्यासाठी मुंबई-कलकत्त्याच्या एखाद्या दुकानाशी पत्रव्यवहार करून महिनोगणती वाट पाहावी लागे, ती आज कुरिअरचा माणूस तालुक्याच्या गावी आठवड्यात आणून देतो. रेडिओ-नियंत्रित विमान उडविणे हा छंद अशा रीतीने गावोगाव पोहोचला. त्याची शिस्त मात्र कुरिअरच्या खोक्यातून येत नाही, आणि ती कोठून यावी हाच या लेखाचा विषय आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: राजूरसारख्या खाणीच्या गावास ती बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण तिचा मोठा साठा गावात आधीपासून आहे.

गावाबाहेरच्या एका पडीत वावरात, सूर्य नुकता वर आलेला असताना, मी एक मामा आणि त्यांचा भाचा यांस या खेळात गुंतलेले पाहिले. मामांची सारी नोकरी खाणीच्या वर्कशॉपात झाली. भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. सव्वा मीटर पंखांचे पांढऱ्या फोमचे विमान धुऱ्याजवळ ताडपत्रीवर ठेवलेले होते आणि भाच्याचे हात शिवशिवत होते.

"मामा, उडवू का आता?"

"थांब नं. आधी पुस्तक काढ, अन् मोठ्यानं वाच."

पुस्तक म्हणजे शंभर पानी वही. तिच्यात एकेका ओळीत एकेक तपासणी लिहिलेली. भाचा वाचीत होता, मामा त्या त्या भागास प्रत्यक्ष हात लावून उत्तर देत होते, आणि उत्तर आल्याखेरीज पुढची ओळ वाचावयाची नाही असा दंडक दिसला. प्रॉपेलरचा नट घट्ट आहे. पंखाचे रबर चढविलेले आहे. प्रेषकाची दांडी उजवीकडे नेली तेव्हा उजव्या पंखाची मागची फळी, जिला ही मंडळी 'एलरॉन' म्हणतात, वर उचलली गेली आणि डावी खाली झुकली. त्या फळीकडे मामांनी दोनदा निरखून पाहिले. तिची दिशा उलट जुळवली गेली असेल तर विमान जमिनीवर निर्दोष दिसते आणि हवेत गेल्यावर पहिल्याच वळणाला, सावरण्याच्या प्रत्येक प्रयत्नासरशी अधिकच कलंडून, उडविणाऱ्याचा अंदाज चुकवीत कोसळते. नव्या विमानांच्या पहिल्या उड्डाणातील अपघातांत हे कारण फार जुने आणि फार परिचित आहे.

"कालच तर पाह्यलं होतं सारं," भाचा कुरकुरला.

"काल पाह्यलं ते कालच्या उड्डानासाठी. तुले किती डाव सांगतलं?"

यानंतर मामा प्रेषक हाती घेऊन तीस पावले दूर गेले. अलीकडच्या प्रेषकांत शक्ती मुद्दाम कमी करण्याची एक सोय असते. ती चालू करून एवढ्या अंतरावरूनही विमानाच्या फळ्या हुकूम ऐकतात की नाही हे पाहावयाचे, कारण क्षीण आवाजात तीस पावलांवर जे ऐकू येते तेच पूर्ण आवाजात आकाशात ऐकू येईल असा भरवसा धरता येतो. शेवटी त्यांनी प्रेषक क्षणभर बंद केला. मोटर तत्काळ थांबली. संदेश तुटला असता विमानाने काय करावे हे विमानातील ग्राहकयंत्रात आधी नेमून ठेवता येते, आणि ते नेमताना मोटर बंद होईल अशी व्यवस्था केली नसेल तर बेवारस झालेले विमान पूर्ण वेगाने जेथे तोंड असेल तिकडे, मग तो रस्ता असो की शाळा, निघून जाते. इतके सर्व झाल्यावर भाच्याने विमान हातातून सोडले आणि ते तुरीच्या पट्ट्यावरून वळण घेऊन डौलाने वर चढले.

मामांच्या या कर्मकांडास कोणी अतिरेक म्हणेल. त्याने थोडा हिशेब करून पाहावा. दहा इंची प्रॉपेलर मिनिटास दहा हजार फेरे घेऊ लागला म्हणजे त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होतो. त्या वेगाचे पाते बोटाच्या वाटेत आले असता बोटाचे काय होईल हे लिहून दाखविण्याची गरज नाही. म्हणून बॅटरी जोडली की विमान 'जिवंत' समजावयाचे, त्याच्या पुढे किंवा पात्याच्या रेषेत उभे राहावयाचे नाही, आणि वरच्यासारखी मुद्दाम केलेली चाचणी सोडली तर प्रेषक नेहमी आधी सुरू करून सर्वांत शेवटी बंद करावयाचा. वेगाचेही तसेच आहे. दीड किलोचे विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल तर त्याच्या अंगी सुमारे सव्वाचार मीटर उंचीवरून सोडलेल्या पाच किलोच्या दगडाइतका आघात असतो, आणि वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. २०१३ च्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरच्या पात्याने जागच्या जागी मरण पावला. तो नवशिका नव्हता, चांगला सरावलेला होता.

या छंदाच्या पूर्वपीठिकेकडे एक धावती नजर टाकू. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पाण्याच्या हौदातील लहान बोट तारेवाचून चालवून दाखविली आणि प्रेक्षकांपैकी कित्येकांना ती जादू वाटली. राईट बंधूंना विमानाचे वेड लागले ते वडिलांनी आणून दिलेल्या, रबराच्या पिळावर उडणाऱ्या खेळण्यापासून, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु तारेवाचून संदेश आणि मनुष्यावाचून विमान या दोहोंची सांगड प्रथम यशस्वी रीतीने घालणाऱ्यांत अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंचे नाव अग्रभागी येते. त्यांचे 'गफ' नावाचे विमान १९३७ साली उडाले, पुढल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत विजयी ठरले, आणि आज ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

त्या काळापासून पुढे जवळजवळ सत्तर वर्षे या खेळाच्या सुरक्षिततेचा सारा भार एका लाकडी फळीवर होता असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, इंग्लंडात ३५ मेगाहर्ट्झ, अशा पट्ट्यांत मोजके मार्ग, म्हणजे चॅनेल, असत. प्रत्येक प्रेषकात एका ठराविक मार्गाचा स्फटिक बसविलेला असे. आणि एका मार्गावर दोघांनी एकाच वेळी प्रेषक सुरू केले तर हवेतील विमान दोन धन्यांचे हुकूम एकदम ऐकून कोणाचेच न राहता खाली येई. म्हणून मैदानाच्या दाराशी फळी टांगलेली असे, तिच्यावर प्रत्येक मार्गाच्या क्रमांकाची खुंटी असे, आणि ज्याच्या हाती ती खुंटी त्यानेच त्या मार्गावर यंत्र सुरू करावे असा अलिखित कायदा होता. या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील नवी प्रेषकयंत्रे आली. ती स्वतःच मोकळा मार्ग शोधतात आणि आपापल्या ग्राहकयंत्राशी अशी जोडली जातात की दुसऱ्याचा हुकूम त्यास ऐकूच येत नाही. भारत सरकारनेही २००५ च्या जानेवारीत राजपत्रातील अधिसूचनेद्वारे या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मुक्त केले. सोय झाली यात शंका नाही. पण फळी गेली तिच्याबरोबर मैदानावर पाऊल टाकताच दुसऱ्या माणसाला 'मी आलो आहे, तुम्ही कोणत्या मार्गावर आहात?' असे विचारण्याची रीतही गेली, आणि ही हानी मला लहान वाटत नाही.

आपल्याकडे या छंदाची शिस्त ज्या संस्थेने जिवंत ठेवली ती राष्ट्रीय छात्रसेना होय. छात्रसेनेचा वायुविभाग १९५० साली मुंबई व कलकत्ता येथील पथकांनी सुरू झाला, आणि नागपुरातही, जेथे वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय आहे, त्याचे पथक दीर्घकाळ विद्यार्थी घडवीत आले आहे. या विभागात एरोमॉडेलिंग हा शिक्षणक्रमाचाच भाग असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. तेथील क्रम विचार करण्याजोगा आहे. छात्राने आधी न उडणारी प्रतिकृती बनवावयाची, म्हणजे हातास लाकडाची आणि डोळ्यास प्रमाणाची ओळख होते. मग दोन पोलादी तारांच्या टोकास बांधलेले विमान आपल्याभोवती वर्तुळात फिरवावयाचे, ज्यात त्याला पळून जाण्यास वाव नसतो. आणि त्यानंतर रेडिओ-नियंत्रण. विदर्भातील ज्या मुलांच्या हाती आज खोक्यातून थेट तिसरी पायरी येते, त्यांच्या पहिल्या दोन पायऱ्या कोणीतरी भरून काढावयास हव्यात.

तिसऱ्या पायरीवर प्रत्येकाला एक जागा अडते, आणि ती मी राजूरच्या त्या वावरात अगदी जवळून पाहिली. विमान आपल्यापासून दूर जात असताना त्याचे उजवे तेच आपले उजवे; परंतु ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हातास येतो, आणि नवशिक्याचा अंगठा नेमका विरुद्ध दिशेस जातो. भाच्याचे विमान वळून आमच्या रोखाने आले, एक पंख झुकू लागला, आणि मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी प्रेषकाला हात लावला नाही. ते एवढेच म्हणाले, "जो पंख खाली गेला, त्याच बाजूले दांडी दे." पडत्या पंखाखाली दांडीचा आधार द्यावयाचा, हे एक सूत्र लक्षात ठेवले म्हणजे उजव्या-डाव्याचा गोंधळच राहत नाही. विमान सरळ झाले. ज्यांस असा मामा लाभला नाही त्यांनी संगणकावरच्या सरावखेळात पुष्कळ विमाने पाडून घ्यावीत, अथवा दोन प्रेषक परस्परांस जोडून गुरूने एका कळीने ताबा आपल्याकडे ओढून घेण्याची जी सोय असते तिचा उपयोग करावा.

अंतराविषयीही नवशिक्यांचा मोठा भ्रम असतो. सव्वा मीटर पंखांचे विमान ४०० मीटर दूर गेले की डोळ्यास ते चंद्रबिंबाच्या एक-तृतीयांश रुंदीचे दिसते. ते दिसते खरे, पण येत आहे की जात आहे हे कळत नाही. प्रेषकाची पोच त्याच्याही पुढे असते, आणि म्हणूनच ती पोच हा मोह आहे. डोळ्याने दिशा कळेल तेथवरच विमान न्यावे. सूर्य पाठीशी ठेवावा, उतरविताना वाऱ्यास सामोरे न्यावे, आपल्या आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून ते कधीच आणू नये, आणि शेजारी एक माणूस केवळ आकाश व परिसर पाहण्यासाठी उभा करावा, कारण उडविणाऱ्याची दृष्टी विमानास खिळलेली असल्याने धुऱ्यावरून येणारी बाई किंवा गुरांमागचा पोरगा त्यास दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९३४ च्या विमान-कायद्यातील 'विमान' या संज्ञेच्या व्याख्येत फुगे, ग्लायडर यांच्या जोडीने पतंगांचाही समावेश होता, म्हणजे संक्रांतीला गच्चीवर चढलेला प्रत्येक पोरगा शब्दशः वैमानिकच ठरत होता. असा तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला आहे. लहान मानवरहित विमानांच्या बाबतीत सरकारचे धोरण मात्र दोन टोकांमध्ये हेलकावत आले. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेने नागरी वापरच थांबविला होता. पुढे परवानग्यांचे जंजाळ निर्माण झाले, आणि अखेर २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरीचशी मोकळीक दिली. त्यांत २५ किलोपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या विमानांचा वेगळा वर्ग मानला असून त्यास प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. दोन किलोपर्यंतचे यंत्र व्यापाराखेरीज उडविणाऱ्यास चालक-प्रमाणपत्रही लागत नाही.

परंतु या सवलतींवरून सर्व काही माफ आहे असा अर्थ काढणारा मनुष्य गोत्यात येईल. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाडलेले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीवाचून उडविता येते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या अनुज्ञेशिवाय पाऊल ठेवता येत नाही. राजूरपासून नागपूरचा विमानतळ शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, तेव्हा ती अडचण नाही. पण नदीपलीकडे भद्रावतीस आयुधनिर्माणी आहे, आणि पूर्वेस वीजकेंद्रे आहेत, हे विसरून चालणार नाही. डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहावा, कारण पोलीस अधीक्षकांच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या क्षेत्रापुरता, ९६ तासांपर्यंत, तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतो. निवडणुकीची सभा किंवा मंत्र्यांचा दौरा असला की काल हिरवे असलेले वावर आज लाल होते. आपल्या यंत्राच्या नोंदणीची स्थितीही महासंचालनालयाकडून पडताळून घ्यावी. तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या विम्यातून नियमांनी सूट दिली आहे ती २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना. त्याहून जड विमान बाळगणाऱ्याने विम्याचा विचार टाळू नये. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत वर्दी देणे बंधनकारक आहे, आणि नियमभंगाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कायद्याच्या कलमांत राजूरचे स्वतःचे धोके मात्र सापडणार नाहीत; ते जागेवर उभे राहूनच पाहावे लागतात. खाणी आणि भट्ट्या यांमुळे येथे उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे जाळे दाट आहे, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. तेव्हा खांबांच्या रांगा पाहून तारांची कल्पना करावी. तारेत अडकलेले विमान बांबूने काढण्याचा विचारही करू नये. विमान गेले असे समजून वीज कंपनीस कळवावे. उघड्या खाणींचे ओबीचे ढिगारे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर, उंच आणि निर्मनुष्य असल्याने मुलांस मोह घालतात. परंतु त्यांचे उतार अस्थिर असतात, खाली डंपर धावतात, आणि ती वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीची, प्रतिबंधित हद्द आहे. याहून गंभीर गोष्ट सुरुंगांची. विजेवर उडणारे डेटोनेटर प्रबळ रेडिओलहरींच्या सान्निध्यात अवेळी पेटू शकतात हा धोका स्फोटकांच्या शास्त्रात मान्य आहे, म्हणून सुरुंगकामाच्या आसपास कोणतेही प्रेषकयंत्र नेऊ नये. हातातल्या लहान प्रेषकाची शक्ती किती अल्प आहे हा वाद तेथे घालण्याचे कारण नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर पऱ्हाटीत वाकलेल्या बाया दुरून दिसतही नाहीत, सबब रिकामे वाटणारे वावर रिकामे असेलच असे नाही. संक्रांतीच्या सुमारास, हरित लवादाने २०१७ साली बंदी घालूनही जो नायलॉन मांजा विदर्भात विकला जातो, तो प्रॉपेलरमध्ये गुंतला म्हणजे मोटर जळू शकते.

आणि उन्हाळा. विदर्भाचे ४५ अंशांचे ऊन लिथियम-पॉलिमर बॅटरीला मानवत नाही. तिच्या प्रत्येक कोशाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तीनच्या खाली गेली तर ती बिघडते. आणि ठेवून द्यावयाची असेल तर सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली, पिचलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावणे म्हणजे घरात आग बोलाविणे होय. ती बंद मोटारीत उन्हात ठेवू नये, रात्री निजताना चार्जिंगला लावू नये, आणि चार्जिंग करावयाचे ते फरशीवर, कापड-कागद दूर सारून, शेजारी वाळूची बादली ठेवून, स्वतः समोर बसून करावे. राजूरकडे मैदानावरचे अपघात होण्याआधी घरातले अपघात होतील तर ते या बॅटरीपायीच होतील अशी मला भीती वाटते.

येथे ड्रोन आणि हे विमान यांत गल्लत करणाऱ्यांसाठी एक शब्द. यवतमाळ जिल्ह्यास ड्रोन नवा नाही. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात 'अवनी' या नरभक्षक ठरविलेल्या वाघिणीच्या शोधात ड्रोन फिरले. २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले त्यानंतर ड्रोनफवारणीची चर्चा वाढली, आणि केंद्र सरकारच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० बचतगटांना ड्रोन देण्याचे ठरले. ही सारी कामाची यंत्रे. हात सोडला तर ती संगणकाच्या बळावर जागच्या जागी तरंगत राहतात. पंखाचे साधे विमान तसे थांबत नाही. त्यास हवेत राहण्यासाठी पुढे जावेच लागते, आणि त्याचा प्रत्येक क्षण उडविणाऱ्याच्या ध्यानावर चालतो. कौशल्य आणि धोका दोन्ही येथे अधिक आहेत, आणि मुलाच्या हातास काही शिकवावयाचे असेल तर मी ड्रोनपेक्षा या विमानाचीच शिफारस करीन.

आरंभी ज्या साठ्याचा उल्लेख केला तो असा. भूमिगत खाणीत पाळी सुरू होण्याआधी माइनिंग सरदार आपल्या हलक्यात फिरतो, छत काठीने ठोकून आवाज ऐकतो, वायूची तपासणी करतो, आणि जे पाहिले ते वहीत लिहून खाली सही करतो. ती सही असल्याखेरीज कामगार आत जात नाहीत. सुरुंगाआधी भोंगा होतो, माणसे हटविली जातात, आणि मग बत्ती. यांतला एकेक नियम कोणाच्या तरी प्राणांनी विकत घेतलेला आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून सुमारे पावणेचारशे माणसे बुडाली, आणि त्या आठवणी कॉलरीच्या वसाहतींत आजही सांगितल्या जातात. वावरातले मामा जे करीत होते ते याहून वेगळे नव्हते. त्यांनी विमानविद्येचा ग्रंथ वाचलेला नाही. त्यांनी तीस वर्षे यंत्राला हात लावण्यापूर्वी वीज तोडली, पाटी अडकविली आणि वहीत लिहिले. कॉलरीत अशी निवृत्त माणसे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भाच्या-नातवांना प्रेषकाची कळ त्यांच्याहून जलद समजते. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणी केलेले नाही.

ते अवघड नाही. ग्रामपंचायतीने, खाण व्यवस्थापनाने किंवा एखाद्या शाळेने वीजवाहिन्या, रस्ता आणि सुरुंगक्षेत्र यांपासून दूर असलेले एक मैदान पाहावे. गायरानापैकी जागा असेल तर महसुली परवानगी घ्यावी. नकाशावर तिचा रंग तपासावा. रविवारची सकाळ नेमावी. उडविणाऱ्यांची एक रेघ आणि पाहणाऱ्यांची तिच्या पुष्कळ मागे दुसरी रेघ फक्कीने आखावी. आणि एका जाणत्या माणसाच्या हाती वही द्यावी, जिच्यात सही झाल्यावाचून विमान उचलले जाणार नाही. फक्कीसाठी चुना तर राजूरकडे मुबलक आहे. तोवर यंदाच्या दिवाळीत ज्या घरी असे विमान यावयाचे असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, पहिले उड्डाण मुलाने एकट्याने करू नये. वायुविभागातून शिकून आलेला एखादा छात्र किंवा दुसरा अनुभवी उडविणारा मिळेपर्यंत खोके बंद ठेवावे, मग भले सुटी संपून जावो.